हिरवा ठिपका

देलिओने बारच्या काचेवर कागद चिकटवला, दोन पावलं मागे सरून तो सरळ लागलाय का ते पाहिलं, आणि कुणाच्या तरी मयताची सूचना लावून आल्यासारख्या चेहऱ्याने आत येऊन कॉफी मागितली. ओत्तोरिनोने हातातलं वर्तमानपत्र खाली केलं नाही. कागदावरची अक्षरं त्याला बसल्या जागेवरून दिसत होती. कामोशो ७५०, एकच मालक, वाळवंट पाहिलेली. त्यातलं 'वाळवंट पाहिलेली' एवढं देलिओने गाडीच्या टाकीच्या लाल रंगात लिहिलं होतं.

कामोशो म्हणजे गावच्याच तळ्याकाठच्या कारखान्यात निघालेली मोटरसायकल. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, पण गाडीच्या खोड्या अजून गावाच्या तोंडपाठ होत्या. उंच इतकी, की बुटका माणूस तिच्यावर दगडावर चढूनच बसायचा. पावसाचे चार थेंब पडले की एक सिलिंडर रुसायचा. हॉर्न दाबला की डावीकडचा दिवा लुकलुकायचा. आणि साइड स्टँड? वरचा भार जरा हलला की तो आपला आपण मिटायचा आणि गाडी लोळण घ्यायची. म्हणून कामोशो उभी करायची ती भिंतीला टेकवून. गावातल्या ज्या घराच्या गिलाव्यावर कमरेएवढ्या उंचीला काळा ओरखडा, तिथे कामोशो होती असं खुशाल समजावं. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर प्रवाशांचा कैवारी संत क्रिस्तोफोरो रंगवलेला आहे. त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं याच गाडीच्या हँडलांनी खाल्ली.

या गाडीचं मागचं चाक ओत्तोरिनोने एकतीस वर्षं बसवलं. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचे, सहा नट आवळायचे, काडेपेटीतली काडी हिरव्या रंगात बुडवायची, आणि तिसऱ्या-चौथ्या नटांच्या मध्ये एक ठिपका द्यायचा. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. चाक आपल्या हातून गेलं एवढीच ती खूण. त्याने स्वतः मात्र कामोशो कधी घेतली नाही. कामगारांना सवलतीत गाडी मिळाली त्या वर्षी त्याच्या बायकोला, इर्माला, स्वयंपाकघर नवं करून हवं होतं, आणि ते झालंही चांगलं.

देलिओ त्याच कारखान्यात पगाराच्या खिडकीमागे बसायचा, टाय लावून. त्याने पहिल्याच लॉटमधली लाल कामोशो उचलली, आणि दर सप्टेंबरात तो तीन आठवड्यांसाठी आफ्रिकेला जाऊ लागला. सलग अठरा वर्षं. परत आला की रापलेला, ओठ फुटलेले, आणि बारमध्ये खुर्च्या कमी पडायच्या. जेनोवाला बोटीवर चढायचा लोखंडी उतार म्हणजे म्हणे उभा कडा. वाळूच्या वादळात त्याने गाडी जमिनीत पुरून ठेवली आणि सकाळी हॉर्नच्या आवाजावरून शोधून काढली. एका शेखने तिच्या बदल्यात नऊ उंट देऊ केले, याने दहावा मागितला म्हणून सौदा फिसकटला. बारवाल्या लोरेदानाने त्याने आणलेल्या वाळूची बरणी दारूच्या बाटल्यांमध्ये, मधल्या फळीवर ठेवली होती. आणि इर्मा? ती हनुवटी तळहातावर टेकून ऐकायची. ओत्तोरिनोच्या बोलण्याला तिने हनुवटी कधी टेकवल्याचं त्याला आठवत नव्हतं. देलिओने ट्युनिसहून पाठवलेली उंटांची पोस्टकार्डं त्या नव्या स्वयंपाकघराच्या कपाटावर ओळीने लावलेली होती. बटाटे सोलताना ओत्तोरिनोला रोज अठरा उंट दिसायचे.

"गुडघे ऐकत नाहीत आता," देलिओ लोरेदानाला सांगत होता. "शनिवारी एक जर्मन येतोय. सगळं उलटंपालटं करून बघणारा आहे म्हणे."

ओत्तोरिनोने वर्तमानपत्र खाली केलं. ती गाडी जर्मनीला गेली, तर देलिओच्या गोष्टी तेवढ्या गावात राहणार, आणि गाडी नसल्यामुळे त्या आणखी फुगणार. आणि आपल्याकडे आली तर? मग देलिओने बोलायला तोंड उघडलं की लोकांनी आधी ओत्तोरिनोकडे बघायला हवं.

घरी त्याने विषय काढला. इर्माने ऐकून घेतलं, पालेभाजी धुता धुता.

"फिरायला घेणार असशील तर घे. देलिओच्या नाकावर टिच्चून भिंतीला टेकवून ठेवायची असेल, तर भिंत खराब होईल, एवढंच सांगते."

शुक्रवारी सकाळी तो देलिओच्या गॅरेजमध्ये गेला. गाडी दिमाखात होती. उन्हाने विटलेली टाकी, चेपलेल्या पत्र्याच्या पेट्या, त्यांवर अरबी अक्षरांची चिकटपत्रं. मीटरवर दहा हजार नऊशे चाळीस किलोमीटर.

"अल्जेरियात मीटरची केबल तुटली," देलिओ लगेच म्हणाला. "नंतर बसवलीच नाही."

ओत्तोरिनो सवयीने मागच्या चाकाशी उकिडवा बसला. चेनचं वंगण अंगठ्याने पुसलं. स्प्रॉकेटच्या तिसऱ्या-चौथ्या नटांच्या मध्ये एक हिरवा ठिपका होता. काडेपेटीतल्या काडीचा, त्याच्या हातचा.

त्याने दातांवरून बोट फिरवलं. वाळूत गेलेल्या गाडीचं स्प्रॉकेट दोन फेऱ्यांत माशाच्या काट्यासारखं होतं. हे दात गोलगरगरीत, कारखान्यातून निघाले तसे. मग त्याने मनातल्या मनात हिशेब केला. इथून जेनोवाचं बंदर, जाऊन-येऊन साडेचारशे. गुणिले अठरा. उरलेले रविवारचे, चर्चपर्यंतचे.

अशा वेळी माणसाला काय व्हावं? ओत्तोरिनोला प्रथम झाला तो निव्वळ आनंद. अठरा वर्षांची जळजळ एका घोटात उतरली. त्याने मान वर केली. देलिओ त्याच्या बोटाकडे पाहत होता.

"तू स्प्रॉकेटवरसुद्धा खुणा करायचास?"

"माझ्या हातून गेलेल्या प्रत्येकावर."

देलिओ तेलाच्या डब्यावर बसला. मग जे बोलला ते चाकाकडे बघून, हळू. बोटीच्या रांगेत तो दरवर्षी लागायचा, तिकीट काढून. पुढची व्हॅन चढली की त्याची पाळी. समोर तो लोखंडी उतार, वर बोटीचं काळं तोंड. दरवेळी तो मागच्याला म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे. बोट सुटली की बंदरामागच्या एका खोलीत तीन आठवडे, दिवसभर गच्चीवर उन्हात. पोस्टकार्डं एक ट्रकवाला तिकडून टाकायचा. वाळू एका बांधकामावरची.

"गोष्टी ट्रकवाल्यांच्याच आहेत," तो म्हणाला. "ते नऊ उंट मात्र माझे."

ओत्तोरिनो हात पुसून बाहेर पडला. बारमध्ये पोचेपर्यंत त्याने वाक्य जुळवून ठेवलं होतं, आणि ते चांगलं जमलं होतं. आत सगळे होते. इर्मासुद्धा, लोरेदानाशी बोलत. पाठोपाठ देलिओ आला आणि दाराशीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन, पगाराच्या खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा असल्यासारखा.

"काय ओत्तोरिनो," लोरेदाना म्हणाली, "तुझ्या डोळ्यांना काय दिसलं? घेण्यासारखी आहे?"

सगळे त्याच्याकडे वळले. इर्माने हनुवटी तळहातावर टेकवली. तेवढ्या एका क्षणासाठी तो इतकी वर्षं थांबला होता असं म्हटलं तरी चालेल. आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे तो जर्मन आला, चाकाशी उकिडवा बसून, चष्मा पुसत, अख्ख्या गावादेखत स्प्रॉकेट बघणारा.

"स्प्रॉकेट खलास आहे," ओत्तोरिनो म्हणाला. "एवढी वाळू खाल्ल्यावर दुसरं काय होणार. जर्मनाला कळवून टाक, देलिओ. मी घेतोय."

नवं स्प्रॉकेट त्याने त्याच दुपारी बसवलं. जुनं त्याने तळ्यात टाकलं, आणि टाकण्याआधी हिरव्या ठिपक्यावरून एकदा अंगठा फिरवला.

सप्टेंबरात तो आणि इर्मा निघाले. जेनोवाच्या उतारावर त्यानेही ब्रेक दाबला, पण मागून इर्माने पाठीत कोपर मारलं आणि गाडी वर गेली. बोटीत स्टँड मिटला, कामोशो एका मेंढ्यांच्या ट्रकवर कलंडली, आणि ट्युनिसपर्यंत तिला तो वास राहिला. दक्षिणेकडे त्यांनी खरंखुरं वाळवंट पाहिलं. संध्याकाळी इर्मा अंधार पडेपर्यंत वाळूत अनवाणी चालली.

परतल्यावर त्याने लोरेदानाच्या हाती एक बरणी दिली. तिने ती उजेडात धरली.

"फिकी वाटते नाही का रे? देलिओची लाल आहे."

मग लोकांनी ऐकलं, ऐकलं नाही असं नाही. पण ओत्तोरिनोला गोष्ट सांगता येत नव्हती. वादळ आलं नव्हतं. शेख भेटला नव्हता. गरम होतं, जेवण चांगलं होतं, एकदा पंक्चर झालं. मेंढ्यांचं सांगायला तो विसरलाच. पाचव्या मिनिटाला कुणीतरी देलिओला म्हणालं, ते गाडी पुरल्याचं सांग ना. खुर्च्या तिकडे सरकल्या. ओत्तोरिनोची जुनी जळजळ परत आली. फक्त इर्मा खुर्ची न सरकवता त्याच्याशेजारी बसून राहिली, बुटातली वाळू काढत.

गोष्ट संपल्यावर लोक पांगले. देलिओ उठताना ओत्तोरिनोच्या टेबलाशी थांबला. काठीवर भार देऊन, जरा वाकून त्याने विचारलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं:

"तो उतार... फार चढा आहे का?"

ओत्तोरिनोने कप खाली ठेवला.

"तू सांगायचास तसाच आहे," तो म्हणाला.

देलिओने मान हलवली, टोपी घातली, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकलेल्या कामोशोच्या हँडलवरून हात फिरवत, धीम्या पावलांनी घराकडे गेला.