अकरा खुंट्या

कातारी तसा सरळ माणूस, पण आबनुसाचं नाव निघालं की त्याची नियत डळमळायची. लेथवर डब्या आणि बुद्धिबळाचे मोहरे कातण्यात जन्म गेला, पण ते काळंभोर लाकूड बोटाएवढ्या तुकड्यांपलीकडे कधी हाती आलं नाही. आणि थोरल्या बहिणीच्या परसात, भावजींनी लावलेलं आबनुसाचं अख्खं झाड उभं! "मी हे घर सोडेन तेव्हा झाड तुझंच," ताईने शब्द दिला होता.

आबनुसाचा गाभा काळा झाला की नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून कातारी दरवर्षी यायचा. ताई चहा टाकायला आत गेली की गिरमिटाने खोडात भोक पाडायचा, भुसा पांढरा निघाला की हिरमुसायचा. मग भोकात घरून कातून आणलेली खुंटी ठोकून वर माती फासायचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नवव्या वर्षी भुसा काळा आला तेव्हा त्याने आनंदाने ताईलाच मिठी मारली. ती बिचारी गहिवरली. पुढची दोन वर्षं गाभा किती वाढला ते बघण्यात गेली.

यंदा ताईचे गुडघे गेले, लेकीकडे जायचं ठरलं. लाकूडतोड्याने झाड आडवं केलं आणि कातारी धावतच बुंध्याशी गेला. गाभा काळा होता, पण बोटांनी कुस्करावा इतका कुजलेला.

"भोकांतून पाणी मुरलंय," खोडातून खुंटी उपसत लाकूडतोड्या म्हणाला. "कुणाचा हा उद्योग?"

ताईने खुंटी हातात घेतली. डोक्यावर दोन बारीक वलयं कातलेली होती, त्याने कातून दिलेल्या तिच्या दोऱ्याच्या डबीवर होती तशीच. चोरीतही कसब दाखवल्याशिवाय राहवलं तर तो कातारी कसला!

तिने काठी टेकत खोडावरच्या खुंट्या मोजल्या.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा वर्षं शेजारणीला सांगत आले, माझा भाऊ कामधंदा टाकून मला भेटायला येतो."

"तसं नाही गं, ताई."

"मग कसं?"

लाजेने त्याचे कान तापले होते, आणि तरीही, मेली सवय, नजर कुजक्या गाभ्यात एखादा धड तुकडा शोधत होती. ताईने ते पाहिलं.

"लेकीच्या दारात झाड नाही रे," ती हळूच म्हणाली. "येशील?"

"येईन की," तो घाईघाईने म्हणाला.

ताईने 'नाही' अशी मान हलवली आणि खुंटी त्याच्या हातावर ठेवली.