ठमीची शेवटची स्लाइड

धाकटीने साफ नाही म्हणून सांगितलं होतं. पण बाबा कसले ऐकतात. थोरली त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला आली होती, संध्याकाळची गाडी होती, आणि म्हाताऱ्याने एकच धोशा लावला होता, "जायच्या आधी एकदा ठमीला बघू दे."

ठमी म्हणजे बाबांची कुत्री. अगदी जीव की प्राण. आई गेल्यावर दिवसभर घरात त्यांना सोबत तिचीच. वर्षापूर्वी आचळातल्या गाठीने गेली. धाकटी कुत्र्यांच्या कॅन्सरवर काम चालतं त्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. गाठीचा तुकडा मेणात बसवून तिनेच जपला होता. कापून कापून तो संपला आणि शेवटचा पातळ काप कालच स्लाइडवर चढला. त्यावर तिने चमकणारी अँटीबॉडी घातली होती. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं, अँटीबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते आणि निळ्या उजेडात हिरवी चमकते. हे प्रोटीन कमी झालं की गाठीतल्या पेशी सुटतात आणि अंगभर भटकतात. प्रयोगशाळेच्या मॅडमना उद्या त्याचाच फोटो काढायचा होता. फोटो बिघडला तर ठमी अभ्यासातून बाद.

"नुसती नजर टाकायची," अंधाऱ्या खोलीत त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवताना धाकटीने बजावलं. "जितका वेळ बघाल तितकी चमक विझते. तो उजेडच तिला खातो."

"बरं बाई," म्हणत बाबा वाकले. मग हळूच म्हणाले, "अगं, धरून आहे की अजून."

धाकटीचा हात उजेडाच्या बटणावर होता. "झालं का, बाबा?"

"झालं, झालं." पण डोकं काही वर होईना. "ठमे, मी निघालो बरं का. हिच्याकडे राहा. आणि हट्ट करू नकोस, हिला वेळ नसतो."

ठमी गेली तेव्हा हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. बटण काही धाकटीच्याने दाबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवी जाळी उमटली, आणि तिच्या मधोमध हा काळपट गोल. मॅडमनी धाकटीची बिनपाण्याने केली. मग कुरकुरत कडेकडेचे फोटो घेतले. तेवढ्यावर भागलं, ठमी अभ्यासात राहिली. गोलाचा फोटो मात्र पुसून टाक म्हणाल्या. धाकटीने हो म्हटलं आणि तो बाबांना पाठवून दिला. सकाळपासून घर नुसतं खायला उठलं होतं, दुसरं काय करणार बिचारी.

जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला. "हा मधला डाग कसला गं?"

"तिथे तुम्ही बघत होता, बाबा."

पलीकडे थोरलीच्या घरातली भांडी वाजत होती.

"एवढंच?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, मी तिला सगळी बघितली."