औषधाच्या रांगेतले सात

“बाटली गळली, भुसा भिजला, गारठून मेले. एवढंच लिहायचंय,” संचालक म्हणाले आणि त्यांनी नोंदवही मावशींच्या पुढे सरकवली.

मावशींनी वहीकडे पाहिलं नाही. त्या संचालकांच्या केसांकडे बघत होत्या. कलप ताजा दिसत होता. एका कानामागे काळा डाग तसाच राहून गेला होता. वार्धक्य संशोधन केंद्राच्या या प्रमुखाला सगळे मागून ‘चिरतरुण’ म्हणत. नाव मावशींनीच पाडलं होतं.

“कोण मेले?” त्यांनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“औषधाच्या रांगेतले ते सात.”

केंद्राच्या तळघरात उंदीरघर होतं. तिथे मावशी तेवीस वर्षं पिंजरे धूत, भुसा बदलत, पाण्याच्या बाटल्या भरत आल्या होत्या. डाव्या रांगेतल्या उंदरांना साधं खाद्य, उजव्या रांगेतल्यांना संचालकांचं औषध कालवलेलं. औषधाने आयुष्य वाढतं हे संचालकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. उंदरांनी फक्त तसं जगून दाखवायचं होतं. उंदीर मात्र ऐकेनात. दोन वर्षं उलटली तसे दोन्ही रांगांतले सारखेच वाकले, सारखीच त्यांची लव झडली, डोळ्यांत सारखाच दुधी पडदा आला. औषधवाल्यांतले सात तर साध्यांच्याही आधी गेले. मावशींनी प्रत्येकाची तारीख टाकून पुढे एकच शब्द लिहिला होता: म्हातारपण.

अपघाताने मेलेला उंदीर प्रयोगात धरत नाहीत. हे सात वगळले, की औषधाची रेघ कागदावर झोकात वर चढत होती. आणि पुढच्या आठवड्यात अनुदान समिती यायची होती. पाच वर्षांचं अनुदान, नवी इमारत, दारावर संचालकांच्या नावाची पाटी.

“म्हणजे माझ्या हलगर्जीपणाने मेले, असं मी माझ्याच हाताने लिहायचं,” मावशी म्हणाल्या.

“बाई, तुम्हाला कोण काय बोलणार आहे? होतं माणसाच्या हातून. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. मी दोन वर्षं वाढवून देतो. घरी गरज आहे ना तुम्हाला?”

घरी गरज होती. मावशींचा नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळला होता. एके काळी छापखान्यात मशीन चालवणारा माणूस; अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात छातीशी आकसून बसलेला. चार वर्षांत संचालकांनी एका शब्दाने चौकशी केली नव्हती. म्हातारपण त्यांना फक्त पिंजऱ्यातलं लागायचं. आज मात्र बरोबर आठवलं.

“साहेब, तेवीस वर्षांत माझा एक पिंजरा ओला झालेला नाही,” मावशी म्हणाल्या. “अनुदानापायी झोप तुमची उडालीये, त्याला माझी बाटली कशाला गळायला हवी?”

वही काखेत मारून त्या खाली निघून गेल्या.

समिती आली ती तिघांची. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून तळघरात उतरली. एकाने नाकाला रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. दुसऱ्याने उंदीर चावतात का, एवढाच एक शास्त्रीय प्रश्न विचारला. अध्यक्षीणबाई तेवढ्या वेगळ्या वाटल्या. पिकल्या केसांच्या, चष्म्यातून नोंदवहीचं एकेक पान नीट वाचणाऱ्या. सातव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“या सातांचं काय झालं?”

“पाणी गळलं,” संचालक पापणीही न लववता म्हणाले. “कर्मचाऱ्याची चूक. नोंद दुरुस्त करून घेतोय.”

मावशी तिथेच, हातात भुशाचं घमेलं घेऊन उभ्या होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “भुसा कोरडा ठणठणीत होता. ते म्हातारे होऊन मेले. औषध खाऊनच म्हातारे झाले.”

बाईंनी चष्म्यावरून मावशींकडे रोखून पाहिलं. क्षणभर मावशींना वाटलं, इतक्या वर्षांत वाचता येणारं कुणीतरी शेवटी या तळघरात उतरलं. मग बाईंनी वही मिटली.

“अशा कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला हवं,” त्या संचालकांना म्हणाल्या. “अनुदानात त्यासाठी वेगळी तरतूद आहे. तिचाही अर्ज करून टाका.”

संचालकांनी ते लगेच टिपून घेतलं. सगळे जेवायला वर गेले. मावशींनी त्यांच्या बुटांच्या पिशव्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि मग दोनदा हात धुतले.

नोंद दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात दुरुस्त झाली. अनुदान मंजूर झालं, प्रशिक्षणाचंसुद्धा. मावशी ठरल्या तारखेला निवृत्त झाल्या. संचालक परगावी भाषणाला गेले होते, म्हणून कारकुनाने उभ्या उभ्या प्रशस्तिपत्र दिलं. त्यात त्यांचं आडनाव चुकलं होतं. मावशींनी ते दुरुस्त करून मागितलं नाही. तिथल्या कागदावर आपलं खरं नाव नाही, हेच त्यांना बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी त्या घरी खाटेवर बसून नवऱ्याची नखं कापत होत्या. उशीला टेकून तो डाव्या हाताने वर्तमानपत्र धरून वाचत होता. झटक्यापासून त्याला वाचायला फार वेळ लागे.

“हे तुझे साहेब ना?” त्याने जड जिभेने विचारलं.

मावशींनी फोटो पाहिला. “हं.”

“लिहिलंय… औषध काढतायत. म्हाताऱ्यांचे हातपाय पुन्हा चालतील म्हणे.”

मावशींच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तेवीस वर्षांचं मुरलेलं, चांगलं झोंबणारं. त्यांनी मान वर केली. नवरा पेपर बाजूला ठेवून डाव्या हाताने उजव्या हाताची मिटलेली बोटं सोडवायला बघत होता. करंगळी जराशी सुटली आणि पुन्हा मिटली.

“तू तिथलीच आहेस,” तो म्हणाला. “आपल्याला जरा लवकर मिळेल ना गं?”

मावशींनी तो आकसलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“विचारून ठेवते,” त्या म्हणाल्या.

“बातमी कापून ठेव. हरवेल.”

उरलेली नखं झाल्यावर त्यांनी कात्री आणली आणि फोटोला कुठे धक्का न लावता बातमी चारी कडांनी सरळ कापली. घडी घालून ती त्यांनी नवऱ्याच्या उशीखाली ठेवली.