गिटारच्या बॅगेतला गूळ

मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर तो फ्लेक्स लागला आणि मधुवंतीने त्या रस्त्याने जाणंच सोडलं. शाळेत शिकवायला जायचं तर तोच रस्ता जवळचा, पण बाई मुद्दाम मागच्या बोळातून वळसा घालून जाऊ लागल्या. फ्लेक्सवर गुरूचा फोटो होता, गिटार छातीशी धरून हसणारा. वर झगमगीत अक्षरांत 'करवीरचा गिटारसम्राट कै. गुरुप्रसाद यांची स्मृतिसंध्या'. खाली गुरूच्या ऑर्केस्ट्राचे मालक धैर्यशील, काळा गॉगल लावलेले, आणि त्यांचा फोटो गुरूच्या फोटोपेक्षा मोठा. मेलेल्याच्या कार्यक्रमात जिवंतांचे फोटो मोठे असायचेच, त्यावर चिडण्यात मधुवंतीने वेळ घालवला नाही. तिला राग गुरूचा होता. धाकटा भाऊ जाऊन वर्ष होत आलं तरी त्याचं हसणं दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तिच्या रागाचं कारण तिच्या घरातल्या माळ्यावर होतं, गिटारच्या बॅगेत.

गुरूला अगदी लहानपणी साखरेचा आजार झाला. म्हातारपणी होतो तो नव्हे, पोरांना होतो तो, जन्मभर पोटात सुई टोचून घ्यायला लावणारा. साखर वाढली की माणूस हळूहळू झिजतो, पण कमी झाली की आक्रीत होतं. दरदरून घाम, हाताला कंप, जीभ जड. माणूस असंबद्ध बोलू लागतो, उगाच हसतो, उगाच चिडतो, आणि वेळेत तोंडात काही गोड पडलं नाही तर कोसळतो. औषध म्हणाल तर गुळाचा खडा. कार्यक्रमाला निघताना गुरूच्या गिटारच्या बॅगेच्या बाहेरच्या खिशात गुळाची पुडी टाकायची, हे काम मधुवंतीचं. ती कागदात गूळ बांधी, वर दोरा गुंडाळी, खिशाची चेन लावी आणि म्हणे, "घाम फुटला की आधी हे, मग तुझं वाजवणं." गुरू म्हणे, "व्हय ओ बाई."

आणि वाजवणं तर काय वाजवणं होतं. गिटार म्हणजे पोरींना दाखवायला गळ्यात अडकवायची वस्तू, असं समजणाऱ्या पेठेत या पोराने गिटारवर सनई वाजवली. तार अशी ओढायचा की वाटावं, कुणी तरी गळ्यातून सूर काढतंय. एका लग्नात ऐनवेळी कीबोर्ड बंद पडला, तर याने एकट्याने गाण्याची सगळी साथ त्या सहा तारांवर पेलली आणि जेवणाऱ्या पंगतीने हात थांबवले. डाव्या हाताच्या बोटांना एवढे घट्टे पडलेले की साखर तपासायला सुई टोचली तर रक्त यायचं नाही. उजव्या हाताची चिमूट तारा छेडायच्या पिकसाठी राखलेली. मग राहिली उजवी करंगळी. बिचारी करंगळी टोचून टोचून चाळण झाली होती. तो म्हणायचा, "ताई, या बोटाला काही कामधंदा नव्हता, आता लागला."

असा माणूस मागच्या गणपतीत गारगोटीच्या कार्यक्रमाला गेला आणि परत आलं ते त्याचं प्रेत. ऑर्केस्ट्रावाल्यांनी सांगितलं, दमून टेम्पोत झोपला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी मधुवंतीला बाजूला घेऊन सांगितलं, साखर पार उतरली होती. दोन दिवसांनी बॅग घरी आली. मधुवंतीने खिसा उघडला तर पुडी जशीच्या तशी, दोरासुद्धा सोडलेला नाही. तिने ती पुडी पुन्हा खिशात कोंबली, बॅग माळ्यावर भिरकावली आणि रडायची ती थांबलीच. गूळ हाताशी असून खाल्ला नाही. कार्यक्रम रंगला असेल, वन्स मोअर आला असेल, मग कसला गूळ नि कसलं काय. टाळ्यांपायी मेलास, असं ती त्याच्या फोटोला तोंडावर म्हणे. आई, म्हणजे माई, ते ऐकून आत निघून जाई.

एवढ्यावर भागलं नव्हतं. गुरू गेला आणि गावाच्या जिभेला काम मिळालं. पीत होता म्हणे. स्टेजवर हात थरथरायचे म्हणे, झोक जायचा म्हणे, एकदा जोतिबाच्या पायथ्याच्या कार्यक्रमात भलतंच गाणं सुरू केलं म्हणे. ज्या पोराने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, त्याच्या तेराव्याला आलेले लोक दारूचे दुष्परिणाम या विषयावर बोलून आणि दोन-दोन लाडू खाऊन गेले. मधुवंतीला गप्प बसावं लागलं, कारण गुरूने तिला शपथ घातली होती. आजाराचं कुणाला कळू द्यायचं नाही. तिने एकदा त्याला खडसावलं होतं, "अरे, लोक तुला बेवडा समजतात." तर हा तारा पुसत शांतपणे म्हणाला होता, "समजू देत की. बेवड्याला कार्यक्रम मिळतोय ताई. आजाऱ्याला कोण बोलावतंय?"

स्मृतिसंध्येच्या आदल्या दिवशी धैर्यशील घरी आला. गॉगल काढून माईच्या पाया पडला, गुरूच्या फोटोला हात जोडले. खोटं कशाला बोला, माणूस वाईट नव्हता. गुरू गेला तेव्हा पहिली धावपळ त्यानेच केली होती आणि स्मशानात सगळ्यांत मोठ्याने तोच रडला होता. अशा माणसावर राग काढायचीसुद्धा पंचाईत होते.

"मधुताई, गिटार पायजे उद्याला," तो म्हणाला. "खुर्चीवर ठेवायची, हार घालायचा. बाजूला त्याची ती बॅग. पब्लिकच्या डोळ्यात पाणी आलं पायजे."

"बॅग कशाला?"

"आठवण हाय माझी तिच्याशी. बोलणार हाय मी उद्या. आणि व्यसनावर बी दोन शब्द बोलतो. तरण्या पोरांनी बोध घ्यावा. एवढा मोठा कलाकार, पण बाटलीनं खाल्ला."

शाळेत 'मी येते, मी जाते' म्हणणारी मधुवंती चिडली की पेठेतल्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' बोले. तिच्या वर्गातल्या पोरांना ही खूण पक्की माहीत होती, धैर्यशीलला नव्हती.

"गुरू पीत नव्हता," ती म्हणाली.

"ताई, बहिणीची माया समजतो मी. पण या डोळ्यांनी बघितलंय."

"काय बघितलंय?"

"जाऊ दे की आता. गेला तो."

"गिटार मी घेऊन येतो," मधुवंती म्हणाली. "बॅगबी मीच आणतो. आणि मला माईक पाहिजे. भावाबद्दल मी बोलणार."

धैर्यशील खूश झाला. बहीण बोलणार म्हणजे डोळ्यात पाणी नक्की. तो गेल्यावर मधुवंती माईपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, मी सगळ्यांना आजाराचं सांगणार, शपथ गेली खड्ड्यात. माई गवारी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग. आता काय त्याचं लग्न अडणार हाय?"

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. फुकटचा कार्यक्रम, वर गुरूचं नाव, मग काय. स्टेजवर खुर्चीत गिटार, तिच्यावर झेंडूचा हार, खुर्चीच्या पायाशी बॅग टेकवलेली. आदर्श नावाच्या नव्या गिटारवाल्याने गुरूची ती सनई वाजवली. बरी वाजवली, फक्त घाईत वाजवली, पोलीस मागे लागल्यासारखी. मधुवंती पहिल्या रांगेत मांडीवरच्या हातांच्या मुठी वळून बसली होती. काय बोलायचं ते तिने घरून जुळवून आणलं होतं. माझा भाऊ आजारी होता, तो पीत नव्हता, आणि हट्टी होता म्हणून गेला. तिसरं वाक्य बोलावं की गिळावं, एवढंच तिचं ठरत नव्हतं.

मग धैर्यशील माईकपाशी आला. गुरूच्या हाताचं कौतुक केलं, मनापासून केलं. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता गारगोटीची गोष्ट सांगतो. आज सांगायलाच पायजे."

लोक खुर्चीत पुढे सरकले.

"कार्यक्रम निम्म्यावर आलेला. गुऱ्या वाजवता वाजवता एकदम थांबला. बघतोय तर घामानं निथळतोय, हात लटलटायलेत, डोळे कुठंतरी भलतीकडं. मी समजलो, गडी फुल झालाय. वास येत नव्हता बरं का. एवढा हुशार, वासाची पीतच नव्हता."

लोक हसले. धैर्यशीललाही बोलता बोलता हसू आलं.

"दोघांनी धरून मागं नेला. आमच्याकडं एक कायदा हाय, चढली की लिंबू पिळायचं, मीठ टाकायचं आणि पाजायचं. पाजलं. निम्मं अंगावर सांडलं त्यानं. आणि मला म्हणतोय कसा, दादा, गूळ दे." धैर्यशीलने जीभ जड करून गुरूचा आवाज काढला. "दादा, गूळ दे. पेताड माणूस कधी काय मागंल सांगता येतंय का? मी म्हटलं, गड्या, गोडानं आणि चढंल. सकाळी तुला अख्खी ढेप देतो, आता झोप."

हॉल पुन्हा हसला. मधुवंती हसणाऱ्यांकडे बघत राहिली. शेजारची बाईही पदर तोंडाला लावून हसत होती, मायेनेच हसत होती. मधुवंतीच्या कानात गरम काही ओतल्यासारखं झालं. वर्षभर ती ज्याला शिव्या घालत होती, त्याने गूळ मागितला होता.

"टेम्पोत आडवा केला," धैर्यशील सांगत होता. "उशाला काय न्हाय. मग त्याच्या गिटारच्या या बॅगेची घडी केली आणि डोक्याखाली दिली. खिशात काय तरी टणक हुतं, डोक्याला टोचाय लागलं. तो हात घालाय बघत हुता तिथं, पण चेन काय त्याला उघडंना. मग मीच बॅग पालटून दिली, टणक बाजू खाली. भावासारखा होता माझा. म्हटलं, निवांत झोपू दे. आणि आम्ही परत स्टेजवर गेलो."

टाळ्या पडल्या. कुणीतरी डोळे पुसले. मधुवंती उठली तेव्हा टाळ्या चालूच होत्या, त्यामुळे लोकांना वाटलं, बहीण भावनेच्या भरात उठली. ती पायऱ्या चढून स्टेजवर आली. धैर्यशीलने माईक पुढे केला. तिने तो घेतला नाही. खुर्चीच्या पायाशी वाकली, बॅगेच्या खिशाची चेन ओढली. जुनी चेन, थोडी अडकली, मग उघडली. तिने पुडी बाहेर काढली. पावसाळ्यात गूळ पाझरून कागद काळा पडला होता, पण दोरा अजून तसाच बांधलेला होता, तिच्याच हाताच्या गाठीचा.

मग तिने माईक घेतला. घरून जुळवून आणलेलं सगळं विसरली. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं म्हणून कमावलेला आवाज तिचा, तो पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"माझा भाऊ कधीच प्याला नाही. त्याला साखरेचा आजार होता, लहानपणापासून. साखर उतरली की माणसाला घाम फुटतो, हात कापतात, बोलणं जड येतं. तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय आणि सगळ्यांनी त्याला बेवडा म्हटलंय. त्या वेळी त्याला गोड दिलं की तो माणसात यायचा. चहाचा कप प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात यायचा. तुम्ही त्याला लिंबू आणि मीठ दिलं."

शेजारच्या त्या बाईचा पदर अजून तोंडावरच होता, पण आता हसू नव्हतं.

मधुवंतीने माईक स्टँडवर ठेवला आणि ती धैर्यशीलकडे वळली. "दादा, हात पुढं करा."

त्याने हात पुढे केला. तिने काळी पडलेली पुडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्याची बोटं मिटवली.

"हे टोचत होतं त्याच्या डोक्याला," ती म्हणाली. "दाबून बघा. तुमच्या हाताला ओळखीचं लागेल."

धैर्यशीलने दाबलं. मग कागदातून बोटांना चिकटलेला काळा पाक बघत तो तसाच उभा राहिला. तोंड उघडं, गॉगल कपाळावर. मधुवंतीला त्याची कीव आली नाही. कीव यावी असं तिला वाटलंही नाही. तिने गिटारवरचा हार काढून खुर्चीवर टाकला, गिटार बॅगेत घातली, चेन लावली आणि बॅग खांद्याला अडकवली.

ती पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला. रडका, आणि थोडा चिडकासुद्धा, आपल्यावर अन्याय झाल्यासारखा.

"ताई, मग त्यानं सांगायचं तरी आम्हाला. एकदा तरी सांगायचं."

मधुवंती थांबली, पण वळली नाही.

"सांगितलं की," ती म्हणाली. "गूळ दे म्हणाला."