भगवंतरावाच्या गल्लीचं पाणी

"राहू द्या ना बाबा. बिघडला तं बिघडला."

कुलदीप चेंबरच्या काठावर हात बांधून उभा होता. त्याचा बाप शांतवन मातीत पालथा पडून लांब लोखंडी चावी खालच्या वॉलवर फिरवत होता. चावी फिरत होती, पण नुसतीच, हलकी. एरवी तिला जोर लागतो.

गल्लीतल्या बाया हंडे, कळश्या घेऊन नळापाशी बसल्या होत्या.

"काऊन वो शांतवनभाऊ," एकीनं हाक दिली, "पायपात मासोळी अडकली का?"

"तुह्या सासूचा चष्मा अडकला असन," दुसरी म्हणाली.

बाया हसल्या. शांतवन हसला नाही, तेव्हा त्याही गप्प झाल्या. ही भगवंतरावाची गल्ली होती. वर्षभरात शांतवन या गल्लीत हसला नव्हता.

"आटे गेले," तो पोराला म्हणाला. "दांडा फिरून राहिला, पन खालची झडप जागची हालत नाई. बंदच बसली."

"तुमी केलं का काही?"

"म्या काय करतो? जुना वॉल हाय. सडला."

"मंग देवानंच बंद केला." कुलदीप पहिल्यांदा हसला. "उद्या भगवंतरावाच्या पोरीचं लगन, आज हळद, अन् आजच वॉल गेला. तुमी फक्त घरी चला. काहीच करू नका."

शांतवन उठून बसला. गुडघ्यांना माती लागली होती, ती त्यानं झटकली नाही. सकाळची वेळ होती, पण ऊन आताच पाठीवर बसत होतं.

दर्यापूरकडचा हा सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, चहा नासतो. गोडं पाणी येतं ते धरणाच्या पाइपलाइननं, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, आणि ते गल्लीगल्लीत वाटून द्यायचं काम ग्रामपंचायतीच्या शांतवनकडं. टाकीवरचा मोठा वॉल उघडायचा, मग ज्या गल्लीची पाळी असेल तिचा. त्याचं सगळं आयुष्य या चावीवर गेलं. गावात ख्रिस्ती घरं दोन-तीनच. नाव कुणी नीट घेत नाही, पण त्याच्या चावीची सगळे वाट पाहतात.

मागच्या उन्हाळ्यात त्याची पोरगी ज्योत्स्ना याच गल्लीत गेली. भगवंतरावाची पोरगी प्रतीक्षा तिची शाळेपासूनची मैत्रीण. आपल्याकडं पाण्याची पाळी नव्हती म्हणून ज्योत्स्ना तिच्या दारच्या नळावर कळशी घेऊन आली होती. भगवंतरावानं नळाच्या पायपाला टुल्लू मोटर जोडलेली होती. गावात अर्ध्या घरांत अशी मोटर असते. ती पाणी ओढून घेते आणि पुढच्या घरांना थेंब येत नाही. मोटरच्या वायरीचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं. नळ लोखंडी, जमीन ओली. पोरीनं नळाला हात लावला आणि हात सुटला नाही.

पोलीस आले तेव्हा मोटर तिथं नव्हती. भगवंतराव म्हणाला, आमच्याकडं मोटर नाहीच, करंट कुठून आला देव जाणे. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या मोटरी काढून कडब्यात लपवल्या आणि तेच सांगितलं. करंट कुठून आला ते सापडलं नाही, एवढंच कागदावर राहिलं.

तेव्हापासून रविवारच्या उपासनेत, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे म्हणत असताना शांतवन एका ओळीला गप्प राहायचा. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे, म्हणजे आमच्या अपराध्यांना माफ केलं आहे, ही ती ओळ. ती गेली की पुढच्या ओळीला तो परत सगळ्यांत मिसळायचा. शेजारी उभ्या असलेल्या रूथला, त्याच्या बायकोला, ते ठाऊक होतं. तिचाही आवाज त्या ओळीला बारीक व्हायचा.

"पाना दे," तो म्हणाला.

"कायले?"

"वरचं झाकन खोलतो. झडप काढून टाकतो अन् झाकन परत आवळतो. पानी जाईन."

कुलदीप अकोल्याला, जुन्या शहरात, गॅरेजवर काम करायचा. त्याला समजायला वेळ लागला नाही. "झडपच काढली तं मंग ही गल्ली बंद कशी करान? टाकी सोडली की यायले पानी जाईनच."

"हो."

"म्हंजे आता नाई, पुढंही नाई. कधीच नाई."

"नवा वॉल येईस्तोवर."

"पंचायत आनते नवा वॉल! तुमी रिटायर व्हान, तरी येनार नाई." कुलदीप खाली उकिडवा बसला. त्याचा आवाज खाली आला. "बाबा, तुमच्या हातात एवढी एकच गोष्ट हाय. वर्षभर तुमी ह्या लोकायले पानी सोडलं. म्या काही म्हनलं नाई. चर्चमधले पाळकसाहेब म्हनतात, वैऱ्याले पानी पाजलं की त्याच्या डोक्स्यावर निखारे पडतात. पडले का? एक तरी पडला का?"

"मले निखारे टाकाचे नाई कोनाच्या डोक्स्यावर."

"मंग कायले सोडता?"

शांतवनला राग नव्हता असं नाही. राग होता. रोज सकाळी शांतवन उठायच्या अगोदरच तो उठून बसलेला असायचा. पण त्याला खांद्यावर घेऊन गावभर हिंडायचं बळ आता राहिलं नव्हतं.

"थकलो गा मी," तो म्हणाला. "बंद ठेवला तं रोज ध्यानात ठेवा लागन, का आपुन बंद ठेवला हाय. पाना धर खालून. एकट्यानं नाई होत. वरून नट फिरवला की बोल्ट सोबत फिरते."

कुलदीप उभा राहिला. "मले येते हे काम. पन मी करत नाई."

"बरं."

"तुमची पोरगी नोयती का ती?"

बाप चेंबरमध्ये पाय सोडून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. कुलदीप वळला आणि बसस्टँडच्या वाटेनं चालू लागला. आईला सांगायलाही घरी गेला नाही.

शांतवन टाकीवर जाऊन मोठा वॉल बंद करून आला. परत येतो तर चेंबरजवळ भगवंतराव उभा. पांढरा सदरा, कपाळाला हळद लागलेली. किराणा दुकानात बसणारा जाडा माणूस, धापा टाकत होता. मागं दाराशी मांडव, आणि मांडवात बिनपाण्याचे ड्रम.

"शांतवन," तो हळूच म्हणाला, "टँकर सांगतला होता, त्यानं दुसरीकडंच नेला. घरात पाव्हनेच पाव्हने. तुह्या पाया पडतो. मले शिक्षा दे, पोरीच्या लग्नाले देऊ नको."

"म्या बंद नाई केला. वॉल बिघडला."

भगवंतरावाला ते खरं वाटलं नाही. त्याच्या तोंडावरून दिसत होतं. शांतवनच्या जागी तो स्वतः असता तर त्यानं बंदच केला असता.

"मी माफी मांगतो," तो म्हणाला. "सगळ्यायच्या समोर मांगतो म्हनशीन तं."

"पान्यासाठी माफी नाई लागत. गल्लीचं पानी हाय." शांतवननं दुसरा पाना उचलून त्याच्यापुढं धरला. "खाली उतरा. बोल्टची मुंडी धरून ठेवा."

"मी?"

"मंग कोन? माहा पोरगा गेला."

भगवंतरावानं आपल्या सदऱ्याकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं आणि चिखलात उतरला. चेंबर अरुंद. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. गंजलेला नट सुटेना. शांतवननं त्यावर रॉकेल सोडलं, पान्यावर हातोडी मारली. बाया काठावर येऊन वाकून पाहू लागल्या. या वेळी कुणी थट्टा केली नाही.

"त्या दिवशी..." भगवंतराव खालमानेनं म्हणाला.

"पाना सरकून राहिला. नीट धरा."

"मोटर म्या काढली, शांतवन. पोलीस याच्या आंधी म्या काढली."

हातोडी थांबली. शांतवनला हे ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ते शब्द त्याच तोंडातून बाहेर आले तेव्हा त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. हलकं वाटलं नाही. फक्त दम लागला.

"हे मले नका सांगू," तो म्हणाला. "ठान्यात सांगा. तेवढी हिंमत नसन तं तिच्या मायले सांगा. ती दुपारी घरीच असते. अन् आज पान्याची गरज हाय म्हनून नका सांगू. लगन होऊ द्या, मंग या."

भगवंतरावानं पाना दोन्ही हातांनी धरला.

नट सुटले. झाकण उघडलं. शांतवननं आत हात घालून झडप उपसून काढली. गंजानं लाल झालेली, ताटलीएवढी. त्यानं ती काठावर ठेवली आणि झाकण परत आवळलं. मग चावी घेऊन पुन्हा टाकीकडं चालत गेला. तिथवर जाताना वाटेत तो दोनदा थांबला.

मोठा वॉल उघडला तसं जमिनीखालून पाणी धावलं. परत गल्लीत शिरतो तर नळांना धार लागलेली. भगवंतरावाच्या दारची धार सगळ्यांत जाड. आतून कुठूनतरी घूं घूं असा बारीक आवाज येत होता. हळदीच्या घाईत घरातल्या कुणीतरी मोटर लावली होती.

भगवंतरावाची पुतणी नीलम, पिवळ्या फ्रॉकमधली, कळशी घेऊन नळाशी आली होती. ती हात पुढं करणार, तोच शांतवन ओरडला, "थांब वो पोरी! मांगं सर!"

पोर दचकली. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. शांतवन नळापाशी गेला. चप्पल ओल्या जमिनीत रुतली. त्यानं उजवा हात उलटा केला आणि हाताची पाठ नळाला लावली. करंट असेल तर तळहात मिटून नळ धरून ठेवतो, उलटा हात झटका खाऊन बाजूला होतो. ज्योत्स्नाला माती दिल्यावर अकोल्याच्या एका वायरमननं त्याला हे सांगितलं होतं.

हात तसाच राहिला. पाणी थंड होतं.

"भर," तो म्हणाला.

भगवंतराव उंबऱ्यात उभा राहून हे पाहत होता. सदऱ्यावरचा चिखल अजून ओला होता. तो वळून आत गेला. घूं घूं थांबली. दाराशी प्रतीक्षा हळदीच्या अंगानं उभी होती. ती शांतवनच्या हाताकडं पाहत राहिली, मग खाली पाहू लागली.

नळाची धार बोटाएवढी झाली, मग करंगळीएवढी. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. शांतवननं ओला हात धोतराला पुसला आणि चावी खांद्यावर घेतली.

नीलमनं कळशी नळाखाली नीट टेकवली आणि तिच्याजवळ उकिडवी बसली. आता वेळ लागणार होता.