सात नंबरच्या धक्क्यावरचा इसम

बंदरात जागोजागी पाटी आहे: काही संशयास्पद दिसल्यास ताबडतोब कळवा. लोक ज्याला कळवतात तो मी. खुर्ची, फोन, संगणक आणि खिडकीच्या जागी भिंत. दिवसाकाठी दहाबारा फोन येतात. बेवारस पिशवी (आत चपला), लपतछपत फिरणारा माणूस (आडोसा शोधत होता बिचारा). एकदा एका बाईने स्वतःच्या जावयाची तक्रार केली. काय करतो विचारलं, तर म्हणाली, "हसतो."

मावशींचा पहिला फोन सोमवारी सकाळी अकराला आला. मावशी म्हणजे धक्क्यासमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या पण दुर्बीण शाबूत असलेल्या बाई.

"बाळ, सात नंबरला एक इसम उभा आहे. पिवळं हेल्मेट. कंटेनर मोजतोय आणि तळहातावर लिहितोय."

"कागद नाही का त्याच्याकडे?"

"ते मला काय विचारतोस? डावा पाय ओढत चालतो, एवढं दिसतंय."

माझे वडील सात नंबरला कंटेनर मोजायचे, डावा पाय ओढत. कागद भिजतो म्हणून तळहातावर लिहायचे. घरी आले की आई आधी त्यांचे हात वाचायची, मग धुवायला पाठवायची. तीन वर्षांपूर्वी ते जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत पडले. सापडले नाहीत. बंदराच्या दप्तरी ते अजून 'गैरहजर' आहेत. घरी त्यांचा टॉवेल अजून दोरीवर आहे. वाळलाय तो.

कॅमेऱ्यात धक्का रिकामा होता. मी सूचना 'निराधार' म्हणून बंद केली. मंगळवारी अकराला तोच फोन, तोच इसम, तोच रिकामा कॅमेरा.

बुधवारी फोन झाल्यावर साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"एकाच माणसाची तिसरी सूचना निराधार पडली की त्याचा फोन नंबर आपोआप बंद होतो. सुटलास बाबा त्या म्हातारीतून."

"आणि खरी धरली तर?"

"हत्यारी गार्ड जातील, इसमाला धरतील, धक्का सील करतील. तू खरी धरणारेस?"

"नाही, सहज विचारलं."

साहेब चहाला गेले आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो. नंबर बंद झाला, तर वडील ज्यांना दिसतात ते एकुलतं एक माणूस गेलं. खरी धरली, तर मेलेल्या माणसाला बंदुका दाखवून हाकलणार. जिवंतपणी त्यांना नुसतं गेटवर हटकलं तरी दोन दिवस घास उतरायचा नाही.

फॉर्मच्या तळाशी एक चौकोन आहे, तो कुणी कधी भरत नाही: 'इसम ओळखीचा आहे.' मी तिथे खूण केली. शेऱ्यात वडिलांचं नाव लिहिलं आणि पुढे: बंदर कर्मचारी, कामावर हजर.

दुपारी हजेरी विभागातून विचारणा झाली. "हे मधल्या तीन वर्षांच्या रजेचा अर्ज देणार आहेत का?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

गुरुवारी अकराला फोन वाजला नाही. सव्वाअकराला मीच लावला.

"मावशी, आज इसम?"

"तुमच्याकडून निरोप आला की, ओळखीचा आहे म्हणून. मग मी कशाला बघू?"

"एकदा बघा ना."

"ओळखीच्या माणसावर दुर्बीण लावायची? काहीतरीच तुझं." त्यांनी फोन ठेवला.

मी उठलो आणि सात नंबरवर गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. धक्का लांबलचक आणि ओला होता. कुणी नव्हतं. मी कडेला जाऊन वाकून बघितलं. खाली काळं पाणी भिंतीला थापट्या मारत होतं. मी बराच वेळ तसाच वाकून होतो.

खिशातला मोबाईल वाजला. साहेब होते.

"कुठे उलथलास? तुझ्या खुर्चीवर मी बसलोय. मावशी लाइनवर आहे. सात नंबरला नवीन इसम म्हणे, निळा स्वेटर, पाण्यात वाकून बघतोय."

मी सरळ झालो. स्वेटर निळाच होता.

"साहेब, एकटाच आहे का, विचारा."

पलीकडे बोलणं झालं. मग साहेब कंटाळून म्हणाले, "ती विचारतेय, मोजताना तो ओळखीचा धरायचा का?"

मी दोन्ही बाजूंना बघितलं. धक्का रिकामा होता.

"धरा," मी म्हणालो.