दुपारी चारची ओळ

"काका, तुमचा सोबती गेल्या शतकात जाऊन बसलाय," फोनवर चष्मेवाला हसत होता. "एका आजींचा चष्मा त्यांच्या जन्माआधीच तयार झालाय म्हणे!"

काकांना हसू आलं नाही, कारण चूक त्यांचीच होती. 'सोबती' हा त्यांनी उमेदीच्या काळात लिहिलेला चिमुकला प्रोग्राम. संगणक सुरू झाला की मेमरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. दोन कळा एकदम दाबल्या की हातातल्या कामाला धक्का न लावता वही, गणकयंत्र आणि कामांची यादी घेऊन पडद्यावर हजर! सालासाठी काकांनी शेवटचे दोनच आकडे ठेवले होते, म्हणजे १९०० आणि २००० त्याला सारखेच. काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, पुढचंही बघा. माणसं सवय सोडत नाहीत." काकांनी उडवून लावलं, "तोवर हे कोण वापरणार?"

वापरणारा एक उरला होताच, हा चष्मेवाला. एके काळी चारशे होते. दर वर्षी सोबतीची नवी आवृत्ती निघायची. जेवणाच्या टेबलावर काकू फ्लॉपींच्या प्रती काढायच्या आणि सोबतचं पत्र स्वतः लिहायच्या. 'मागच्या खेपेची चूक ह्यांची होती' असं बेधडक लिहून मोकळ्या व्हायच्या.

आता आली का पंचाईत! दुकानातला चष्म्याच्या नंबरांचा प्रोग्राम जवळजवळ सगळी मेमरी खायचा, त्यामुळे सोबतीला एका अक्षरानेही वाढायची सोय नव्हती. दुरुस्तीला तर चाळीस अक्षरांची जागा हवी होती. तीन दुपारी काकांनी काटकसर करून पाहिली. शेवटी काढण्यासारखी एकच गोष्ट दिसली, चारची ओळ.

ती काकूंची होती. काका कामाला बसले की स्वयंपाकघरातून कितीही हाका मारा, "आलो, आलो" म्हणायचे आणि ढिम्म हलायचे नाहीत. "माझं नाही, निदान त्या यंत्राचं तरी ऐका," म्हणत काकूंनी हट्टाने ओळ घालून घेतली. रोज चारला पडद्यावर उमटायचं, 'उठा आता. डोळे मिटा. पाणी प्या.' एकदा नव्या आवृत्तीतून ती काढायची राहिली आणि चारशे गिऱ्हाइकांकडे गेली. एकानेही तक्रार केली नाही.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकांनी मनावर दगड ठेवून ओळ पुसली, दुकानात जाऊन नवी आवृत्ती बसवली. तारीख बिनचूक आली.

दुसऱ्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"काका, ओळ आली नाही."

"जागा नव्हती रे."

"मग तारीख मी हाताने लिहीन. बाबा त्या ओळीवर उठायचे, आता मी उठतो. काकूंची ओळ परत द्या."

काका चपापले. "काकूंची आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"पत्रातच आहे की! बाबांनी जपून ठेवलंय. 'चारची ओळ माझी आहे. ह्यांनी काढली तर मला कळवा.'"

काकांनी फोन ठेवला. आपल्या घरचं भांडण ही बाई चारशे घरी कळवून बसली होती, आणि आपल्याला पत्ताच नाही! त्यांना हसू आलं आणि त्यासरशी रडूही.

मग त्यांनी प्रोग्राम पुन्हा उघडला. सुरुवातीलाच एक ओळ होती, 'निर्माता' आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. इतकी काटकसर केली, पण ह्या ओळीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी अक्षरं मोजली. एकेचाळीस भरली. काकांनी नाव पुसलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात थांबले. चार वाजले. पडद्यावरचे नंबर बाजूला सारून काकूंची ओळ वर आली. चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवून डोळे मिटले.

"आलो, आलो," काका पुटपुटले, आणि ह्या वेळी खरोखर उठले.